चौघांनी तोच प्रश्न का विचारायचा?

प्रश्न : सिस्टर, माझे सासरे मुंबईतल्या एका मोठ्या पालिका रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात आहेत. लिव्हर खराब झालंय, पोटात पाणी झालंय. रोज सकाळी शिकाऊ मुलं खाटेभोवती जमतात, पोट ठोकून बघतात. ‘दारू कधीपासून?’ याचं उत्तर त्यांना चौघांना द्यावं लागलं, तेही सगळ्या वॉर्डासमोर. मोठे डॉक्टर जेमतेम पाच मिनिटं येतात आणि इंग्रजीत बोलून जातात. नणंद म्हणते, गरिबांवर हात साफ करून घेतात. कर्ज काढून खासगीत हलवावं का?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या नणंदेचं वाक्य मी वॉर्डाची इन्चार्ज असताना सतत ऐकलंय. त्यात थोडं खरंही आहे, म्हणून आधी तेच सांगते. दारूचा प्रश्न पडदा ओढून, हळू आवाजात विचारायला हवा होता. गर्दी असते, पडदे फाटलेले असतात, तरीही. उद्या तुम्ही स्पष्ट सांगा, ‘हे बाजूला घेऊन विचारा.’ विद्यार्थ्यांनी तपासू नये असं सासऱ्यांना वाटलं, तर नाही म्हणायचा हक्क त्यांना आहे. त्यामुळे उपचार थांबत नाहीत.

आता चौघांचं. आधी हाऊसमन, म्हणजे वॉर्डातला सगळ्यात ज्युनियर डॉक्टर, विचारतो, मग त्याच्यावरचा सीनियर निवासी डॉक्टर, म्हणजे रजिस्ट्रार, मग लेक्चरर, आणि राउंडला, म्हणजे वॉर्डाच्या फेरीला, मोठे डॉक्टर, आमचे सर. पेशंट पहिल्याला लाजून अर्धंच सांगतो, तिसऱ्याला खरं सांगतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की एकदाच विचारून औषध लिहिणाऱ्याची मला भीतीच वाटते. सरांची पाच मिनिटं तुम्हाला दिसतात, पण त्यांच्यापुढे केस मांडणारा हाऊसमन बहुधा रात्रभर जागा असतो. सगळ्यांदेखत सर त्याला ‘हे का केलं नाहीस?’ विचारतात. इंग्रजीतलं ते बोलणं बरेचदा हेच असतं!

पोट ठोकण्याचंही तसंच. पाणी असेल तिथे आवाज बद्द येतो आणि पेशंटला कुशीवर वळवलं की त्या आवाजाची जागा सरकते. हे बोटांनीच शिकावं लागतं. आमच्या वॉर्डात अशाच एका आजोबांना एका विद्यार्थिनीने सहज विचारलं, झोप लागते का? आजी म्हणाल्या, दिवसभर झोपतात, रात्री टक्क जागे. पोरगी धावत रजिस्ट्रारकडे गेली. त्याने आजोबांना हात पुढे करून पंजे मागे वळवायला लावले, तर पंजे फडफडले. लिव्हरचा परिणाम मेंदूवर सुरू झाला होता. पोट साफ होण्याचं पातळ औषध लगेच चालू झालं. तुम्हीही सासऱ्यांच्या झोपेकडे लक्ष ठेवा. ताप आला, बोलणं असंबद्ध झालं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर राउंडची वाट बघू नका, ड्यूटीवरच्या सिस्टरला उठवा.

पोटातलं पाणी काढायचं ठरलं तर बेधडक विचारा, ‘कोण काढणार? सोबत सीनियर कोण?’ कुणाला राग आला तर येऊ दे.

अशा रुग्णालयांत शिकवणं आणि उपचार वेगळे काढताच येत नाहीत. परळचं केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झालं तेच सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या जोडीने, आणि देणगीदारांची अट होती की डॉक्टर-प्राध्यापक भारतीयच हवेत. काही माणसांना कुठलंच नेहमीचं रक्त जुळेना, ओ गटाचंसुद्धा नाही, याचा छडा तिथल्याच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी लावला. तोच ‘बॉम्बे’ रक्तगट, १९५२ साली जगापुढे आला. ‘असं का?’ विचारायची सवय असलेली माणसं तिथे होती म्हणून ते हाती लागलं.

नातेवाइकांना नीट समजावून सांगण्यात मात्र आमची रुग्णालयं कमी पडतात. राउंडच्या गडबडीत सरांना गाठू नका. राउंड संपला की रजिस्ट्रारला भेटा, प्रश्न कागदावर लिहून न्या. आपलं युनिट, म्हणजे आपल्याला बघणारा डॉक्टरांचा गट, कुठलं आणि त्याचा ओपीडीचा वार कोणता, हे केसपेपरवरून टिपून ठेवा. घरी सोडल्यावर त्याच वारी यायचं असतं.

कर्जाचं म्हणाल, तर आधी वैद्यकीय समाजसेवकांना आणि सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, भेटा. योजनेत काही खासगी रुग्णालयंही आहेत. हलवायचंच ठरलं तर रजिस्ट्रारशी बोलून, डिस्चार्ज कार्ड आणि सगळे रिपोर्ट हातात घेऊनच हलवा. सासरे गुंगीत असतील, तर मात्र त्या दिवशी नको.