नैराश्याची गोळी चालू आहे आणि डोकं दुखतंय

प्रश्न : माझं वय ३४. चार महिन्यांपासून रोज एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम घेते. डोकं दुखलं की मेडिकलमधून कॉम्बिफ्लॅम आणते. दोन्ही गोळ्या एकत्र नकोत म्हणून त्या दिवशी एस्सिटालोप्रॅम घेत नाही. बरोबर ना?

उत्तर : नेमकी चुकीची गोळी गाळताय. एस्सिटालोप्रॅमला खाडा नको. वरचेवर खाडे झाले की गरगरतं, चिडचिड होते, डोक्यात वीज चमकल्यासारखं वाटतं आणि डोकंही दुखतं. मग पुन्हा कॉम्बिफ्लॅम!

बदलायची ती दुसरी गोळी. कॉम्बिफ्लॅममध्ये ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटामॉल असतं. अडचण आयब्युप्रोफेनची आहे. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून भोक बुजवतात, आणि त्या कामात त्यांना सेरोटोनिन नावाच्या रसायनाची मदत लागते. ते त्यांना स्वतः बनवता येत नाही, रक्तातून ओढून घ्यावं लागतं. एस्सिटालोप्रॅम, सरट्रालिन, फ्लुओक्सेटिन या नैराश्याच्या गोळ्या मेंदूत सेरोटोनिन आत ओढण्याचं जे दार बंद करतात, तेच दार प्लेटलेटलाही असतं. तिचा साठा हळूहळू आटतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या जठराचं अस्तर कमकुवत करतात आणि वर प्लेटलेट्सनाही ढिलं पाडतात. म्हणून ही जोडी जमली की जठरातून रक्त जाण्याचा धोका एकेकट्या औषधापेक्षा वाढतो.

तुमच्या वयात, अल्सर नसताना, महिन्यातून एखादी कॉम्बिफ्लॅम पोटात गेली म्हणून घाबरू नका. पण पहिली पसंती साध्या पॅरासिटामॉलला द्या. ५०० किंवा ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशोबात धरा. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. मेडिकलवाला चार गोळ्या कात्रीने कापून देतो आणि नाव छापलेला तुकडा नेमका त्याच्याच डब्यात राहतो. घरी येतं ते चंदेरी कोरं पान. नावाची बाजू मागून घ्या, निदान मोबाईलवर फोटो तरी काढा. महिन्यातले दहा-पंधरा दिवस गोळी लागत असेल तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असण्याचीही शक्यता असते. ते तपासून घ्या.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. सरट्रालिन चालू आहे, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन ७५ आहे. गुडघ्यांसाठी ते रोज डायक्लोफेनॅक घेतात, 'त्याशिवाय जिना चढवत नाही' म्हणतात. घेऊ द्यावी का?

उत्तर : नाही. आजच्या पत्रांतलं मला सर्वांत काळजीचं वाटलेलं हे पत्र. वय, सरट्रालिन, अ‍ॅस्पिरिन आणि त्यावर रोजचं डायक्लोफेनॅक, म्हणजे एका जठरावर चार ओझी. डायक्लोफेनॅक हृदयालाही मानवत नाही. मात्र अ‍ॅस्पिरिन आणि सरट्रालिन आपल्या मनाने बंद करू नका. ती लिहून दिलेली औषधं आहेत. डायक्लोफेनॅक घरच्यांनी आणलेलं आहे, तेच थांबवायचं.

गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल लावून पाहा. गोळीच्या मानाने त्यातलं फार थोडं रक्तात पोचतं. जोडीला पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर पँटोप्राझोलसारखं जठराचं संरक्षण देऊन काय करता येईल ते ठरवतील.

शौचाकडे लक्ष ठेवा, हे विचारायला घरात संकोच होतो म्हणून सांगतो. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची झाली, किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते.

प्रश्न : मी कॉलेजात आहे, फ्लुओक्सेटिन घेते. पाळीत मेफ्टाल स्पास चालेल का?

उत्तर : त्यातलं मेफेनॅमिक अ‍ॅसिड आयब्युप्रोफेनच्याच घराण्यातलं. अल्सर नसेल तर दोन दिवस, जेवणानंतर, चालेल. रक्तस्राव नेहमीपेक्षा जास्त किंवा अंगावर निळे डाग दिसले तर मानसोपचारतज्ज्ञांना सांगा.

प्रश्न : माझ्या मनाच्या आजाराच्या गोळ्यांत लिथियमही आहे. पाठ धरली आहे.

उत्तर : मग आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकला हातही लावू नका. या गोळ्यांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं मंदावतं आणि रक्तातली पातळी चढते. उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडंच असतं. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, झोक जाणं, जीभ जड होणं, ही विषारी पातळीची लक्षणं. अशा वेळी त्याच दिवशी रक्त तपासा. पॅरासिटामॉल चालतं, शेकही चालतो.

प्रश्न : जावेच्या ऑपरेशनच्या उरलेल्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या घरात आहेत. मी नैराश्यावर पॅरोक्सेटिन घेते. एखादी घेतली तर?

उत्तर : नको. ट्रॅमाडॉल स्वतःही सेरोटोनिन वाढवतं. दोन्ही मिळून घाम, थरथर, स्नायूंना झटके, जुलाब, भयंकर बेचैनी आणि ताप येऊ शकतो, फिटही येऊ शकते. उलट दुखणं कमी होईलच असंही नाही, कारण ट्रॅमाडॉलचं शरीरात प्रभावी औषधात रूपांतर करणारं एन्झाइमच पॅरोक्सेटिन अडवतं. शिवाय २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. खोकल्याच्या कित्येक सिरपमधल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनचंही नैराश्याच्या या गोळ्यांशी जमत नाही, बाटलीवर ते नाव बघा.

प्रश्न : आणि बाम?

उत्तर : खुशाल लावा. डोळ्यांपासून लांब.