पीआर येईपर्यंत गाठ थांबेल का?

"मावशी, मी ३८ वर्षांची आहे. गावी एएनएम होते. केअरगिव्हर म्हणून कॅनडात, ऑन्टारियोत आले त्याला दहा महिने झाले. एका घरात राहून ८६ वर्षांच्या आजींना सांभाळते, त्यांना डिमेन्शिया आहे. सासूबाईंना बघायला कोणी नाही म्हणून नवरा आणि मुलगी गावीच आहेत. अडीच महिन्यांपूर्वी अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नाही, पण गेलीही नाही. एजंटला फोन केला तर म्हणाला, 'डॉक्टरकडे गेलीस की इमिग्रेशनला कळतं, फाइल बंद. कामाचे बारा महिने भरू देत, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना हातात येऊ दे, मग काय ते बघ.' माझं हेल्थ कार्डही अजून निघालेलं नाही. त्याला मॅडमचं, म्हणजे आजींच्या लेकीचं, पत्र लागतं आणि त्या 'पुढच्या आठवड्यात देते' म्हणतात. गुरुवारी सुट्टी असते, तेव्हा खोलीत बसून राहते. घर गहाण टाकून आले आहे. घरी कोणाला काही सांगितलेलं नाही. दोन महिने थांबू का?"

नाही. एक दिवसही थांबू नकोस.

तू एएनएम होतीस. गावातली एखादी बाई पदराआड हात धरून तुझ्याकडे आली असती आणि म्हणाली असती, 'ताई, अडीच महिने झाले, दुखत नाही म्हणून गप्प होते,' तर तू तिला काय सांगितलं असतंस? तिचा हात धरून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली असतीस. न दुखणारी गाठ म्हणजे निर्धोक गाठ नव्हे, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही तुला माहीत आहे. पण तुझी गाठ कोणती आहे हे बोटांना कळत नाही. मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि गरज पडली तर बायोप्सी, एवढं झाल्यावरच कळतं. रात्री जागून तू ज्या आजाराशी भांडते आहेस, तो कदाचित तुला झालेलाच नाही.

आता फाइलचं. तुझी भीती हवेतली नाही, म्हणून तिला उडवून लावणार नाही. हुआना तेहादा नावाची एक फिलिपिनो बाई २००३ साली तुझ्यासारखीच केअरगिव्हर म्हणून कॅनडात आली. तिने योजनेत ठरलेलं काम पूर्ण केलं, २००६ मध्ये पीआरसाठी अर्ज केला, आणि त्या वेळच्या सक्तीच्या दुसऱ्या मेडिकलमध्ये तिला आतड्याचा कर्करोग निघाला. सरकारने पीआर नाकारला. कारण काय, तर तिच्या उपचाराचा भार आरोग्यव्यवस्थेवर जास्त पडेल. तिच्यासाठी केअरगिव्हर बायका आणि त्यांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. २००८ मध्ये तिला पीआर मिळाला, २००९ च्या मार्चमध्ये ती गेली. पुढच्याच वर्षी घरी राहून काम करणाऱ्या केअरगिव्हरांची ती दुसरी मेडिकल रद्द झाली. लोक त्या बदलाला आजही तिच्याच नावाने ओळखतात. कधी धीर सुटला तर तिची आठवण काढ. तुझ्यासारख्या बायकांसाठी ती शेवटपर्यंत लढली.

तेव्हापासून आणखीही बदललं आहे. उपचाराच्या 'जादा भारा'ची मर्यादा २०१८ मध्ये तिप्पट झाली. २०२५ साठी ती वर्षाला २७,१६२ डॉलर, म्हणजे पाच वर्षांना १,३५,८१० डॉलर होती. खर्च त्यापलीकडे जाईल असं अधिकाऱ्याला वाटलं तरी तो थेट नकार देत नाही. आधी पत्र येतं, आणि त्याला डॉक्टरच्या कागदांसह उत्तर देता येतं. उत्तर वकिलाच्या मदतीने द्यायचं, एजंटच्या नाही.

एजंट म्हणतो तसं डॉक्टरकडे गेल्याने इमिग्रेशनला कळत नाही. इमिग्रेशनची मेडिकल करणारे डॉक्टर सरकारने नेमलेले असतात, त्यांचा अहवाल तिकडे जातो. तू साध्या क्लिनिकमध्ये गेलीस तर तिथल्या डॉक्टरचं इमिग्रेशनशी काही देणंघेणं नसतं. रुग्णाची माहिती जपण्याचा कायदा ऑन्टारियोत २००४ पासून आहे. तुझ्या संमतीशिवाय डॉक्टर ती मॅडमना सांगू शकत नाही, एजंटलाही नाही.

फाइलला खरा धोका लपवण्यात आहे. पुढे कधी मेडिकल पुन्हा करायला सांगितली आणि ठाऊक असलेली गोष्ट तू फॉर्मवर नाही म्हणून लिहिलीस, तर ती खोटी माहिती ठरते. तिची शिक्षा पाच वर्षांची बंदी आहे. आज तपासून घेतलंस तर उद्या खरं उत्तर देता येईल. बहुधा ते असेल, 'गाठ होती, तपासली, साधी निघाली.'

आणि हे 'दोन महिने' कुठून आले? बारा महिने भरले म्हणून पीआर हातात येत नाही. त्यानंतर तू कामाचा पुरावा पाठवशील, मग फाइल रांगेत लागेल. केअरगिव्हरांच्या २०१९ च्या योजनेतले तुझ्यासारखे अर्ज २०२४ च्या जूनमध्ये घ्यायचे बंद झाले, आणि आधी आलेल्यांची रांग अजून सरते आहे. थांबायचंच म्हटलंस तर दोन महिन्यांचं वर्ष होईल, वर्षाची दोन होतील. ते बारा महिने सलग भरायची अटही नाही, ३६ महिन्यांच्या मुदतीत मिळून बारा भरले की झालं. तपासण्यांत, अगदी उपचारांत काही आठवडे गेले तरी आधीचे दहा महिने कोणी पुसत नाही.

मॅडमच्या पत्राचा मला राग आला, खरं सांगते. त्यांच्या आईला रात्री तीनदा उठवून बाथरूमला नेतेस, आणि चार ओळी लिहायला त्यांना दहा महिने पुरले नाहीत. मनात दुष्टावा असेलच असं नाही. तू आजारी पडलीस तर आईचं कोण बघणार, या भीतीने लोक तो विषय पुढे ढकलत राहतात. पण तुझं हेल्थ कार्ड हा त्यांचा उपकार नाही. चालू वर्क परमिट असलेल्या, ऑन्टारियोतल्या मालकाकडे किमान सहा महिन्यांसाठी पूर्णवेळ काम करणाऱ्या माणसाला ओहिप, म्हणजे ऑन्टारियोचा सरकारी आरोग्यविमा, मिळतो. हेल्थ कार्ड त्याचंच. पूर्वीची तीन महिन्यांची थांबणूकही मार्च २०२० मध्ये काढून टाकली आहे. पत्रात तुझं नाव, कामाचा प्रकार, पूर्णवेळ काम आणि ते सहा महिने किंवा जास्त चालणार आहे, एवढंच हवं. ते तूच लिहून ने आणि आज रात्री जेवणानंतर त्यांच्यापुढे ठेव. म्हण, 'मॅडम, मला गुरुवारी सर्व्हिस ऑन्टारियोच्या सरकारी कार्यालयात जायचं आहे. यावर सही करून द्या.' कारण सांगायची गरज नाही. विचारलंच तर 'माझं कार्ड काढायचं राहिलंय' म्हण, तेही खरंच आहे. सोबत पासपोर्ट, वर्क परमिट आणि राहत्या पत्त्याचा पुरावा ने. बँकेचं स्टेटमेंट चालतं. अर्जाला पैसे पडत नाहीत.

सही मिळाली नाही तर? तरीही गुरुवारी बाहेर पड. ऑन्टारियोत कम्युनिटी हेल्थ सेंटर असतात, तिथे कार्ड नसलेल्यांनाही बघतात. तुझ्या भागातलं सेंटर कोणतं आणि ते नवीन रुग्ण घेतात का, हे ८११ वर फोन करून विचार. हा फोन चोवीस तास चालतो, पलीकडे नर्स असते, दुभाषाही मागता येतो. तिला थेट सांग, 'स्तनात गाठ आहे, अडीच महिने झाले, कार्ड नाही.' गाठीवरची त्वचा ओढल्यासारखी दिसते का, स्तनाग्रातून स्राव येतो का, काखेत काही लागतं का, हे फोन करायच्या आधी आरशासमोर बघून ठेव. डॉक्टर बाई हवी असेल तर तसं माग, संकोच करू नकोस.

एका गोष्टीत फसू नकोस. ४० ते ७४ वयाच्या बायकांसाठी इथे सरकारी स्तनतपासणी आहे. ती ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यासाठी. तुला गाठ लागली आहे, तेव्हा वय बसत नाही म्हणून कोणी परत पाठवलं तर परत येऊ नकोस. तुझी तपासणी निदानाची आहे आणि त्यासाठी फॅमिली डॉक्टरचीच वाट बघावी लागत नाही. वॉक-इन क्लिनिकमधला डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरही चिठ्ठी देऊ शकतो. कार्ड असेल तर डॉक्टर, हॉस्पिटल आणि या तपासण्यांना पैसे लागत नाहीत. घरी घ्यायच्या गोळ्यांचे लागतात. तो खर्च मिळकतीच्या मानाने जड झाला तर ट्रिलियम नावाची सरकारी योजना आहे. दात आणि चष्मा मात्र साधारणपणे या कार्डात येत नाहीत, हे आतापासून धरून चाल.

पगार बुडेल ही धास्ती पत्रात तू लिहिली नाहीस, पण गहाण घरावरून मला दिसते. ऑन्टारियोत आजारपणाच्या वर्षाला तीन रजा कायद्याने मिळतात. त्या बिनपगारी आहेत, पण त्या घेतल्या म्हणून काढून टाकता येत नाही, आणि त्यासाठी मालकाला डॉक्टरचं सर्टिफिकेटही मागता येत नाही. दुखणं लांबलं तर रोजगार विम्यातून सिकनेस बेनिफिट मिळतं. त्यासाठी ६०० तास काम झालेलं लागतं. दहा महिन्यांच्या पूर्णवेळ कामात तुझे कितीतरी जास्त भरले असणार. साधारण पगाराच्या ५५ टक्के, जास्तीत जास्त २६ आठवडे. पगाराच्या पावतीवर 'ईआय', म्हणजे या रोजगार विम्याचा हप्ता, कापलेला दिसतो का, आजच बघ. कापलेला नसेल तर तुला बहुधा कच्चा पगार देतात, आणि ते वेगळं भांडण आहे. तेही आपण भांडू.

तुझ्या योजनेतलं परमिट बहुधा एका मालकाला बांधलेलं नसतं, कामाच्या प्रकाराला बांधलेलं असतं. परमिटवरचा मजकूर वाच. तसं असेल तर हेच काम दुसऱ्या घरी करायला तू मोकळी आहेस. आज घर सोड असं मी म्हणत नाही. पण दार बाहेरून लावलेलं नाही, एवढं मनात असू दे.

टोरंटोत केअरगिव्हर्स ॲक्शन सेंटर आहे, तुझ्यासारख्याच बायकांनी चालवलेलं. त्यांना फोन कर. वकील परवडत नसेल तर कम्युनिटी लीगल क्लिनिकमध्ये फुकट सल्ला मिळतो. एजंटचं नाव इमिग्रेशन सल्लागारांना परवाना देणाऱ्या सरकारमान्य संस्थेच्या (तिला 'कॉलेज' म्हणतात) यादीत आहे का, तेही शोध. यादी इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. नाव नसेल आणि तो परवाना असलेला वकीलही नसेल, तर त्या माणसाला पैसे घेऊन तुला सल्ला द्यायचा अधिकारच नाही.

आजींच्या गोळ्यांचा डबा तू भरतेस, त्यांचं ब्लडप्रेशर वहीत लिहितेस. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आज गाठ पहिल्यांदा लागली ती तारीख लिही. जागा आणि आकारही लिही, वाटाण्याएवढी की बोराएवढी. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारेल.

नवऱ्याला सांग. तो तिथून काही करू शकणार नाही म्हणून तू गप्प आहेस, ते कळतं मला. पण बायोप्सीच्या आदल्या रात्री फोनवर कोणी तरी हवं. भारतातली सकाळ आणि तुझी रात्र जुळते. मुलगी शाळेत गेली की फोन कर आणि पहिल्याच वाक्यात सांग. आधी पाऊसपाणी, मग गुरंढोरं, मग सासूबाई असं करत बसलीस तर तुझ्याच्याने सांगणं होणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी मला चार ओळी लिही. कार्डाचं काय झालं आणि ८११ वरच्या नर्सने काय सांगितलं, दोन्ही कळव. मी वाट बघते.

तुझी मावशी