मॅटसाठी पैसे मागायच्या आधी

प्रिय मुली,

काल रात्री तुझा मेसेज वाचला, "बाई, मोठ्या बाईंनी खो-खोच्या मॅटच्या फंडाचं काम माझ्यावर टाकलंय, कुठनं सुरू करू काही सुचत नाहीये". एवढंच लिहिलंयस, पण तुझी धास्ती कळली मला, कारण हेच काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मीही रात्र रात्र जागी होते. फोनवर सांगत बसले तर निम्मं राहून जाईल, म्हणून पत्रच लिहितेय, निवांत वाच. सातवीत असताना जिल्ह्याची मॅच हरल्यावर तू खांबाला धरून रडत बसली होतीस आणि काही केल्या घरी जायला तयार नव्हतीस, आणि आज त्याच ग्राउंडवर तू शिट्टी घेऊन उभी आहेस, हे लिहितानासुद्धा ऊर भरून येतो.

पहिलं म्हणजे मागायची लाज वाटून घेऊ नकोस. आपली शाळा अनुदानित, पगार सरकार देतं, मुलींकडनं फी घ्यायची नाही, आणि वेतनेतर अनुदान येतं ते लाइट बिल आणि कागद-खडूतच संपतं. म्हणजे मैदानावर जे काही उभं आहे ते लोकांनी दिलेलं आहे. आणि मुलींच्या शाळांचं हे पहिल्यापासून असंच आहे गं. पुण्याची हुजूरपागा 1884 साली सुरू झाली, न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, वामनराव मोडक अशी मोठी माणसं मागं होती, पण पैसा गोळाच करावा लागला, वेडरबर्न नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या वारलेल्या भावाच्या आठवणीसाठी दहा हजार दिले, त्या काळचे दहा हजार. जिथं पेशव्यांचे घोडे बांधायचे त्या पागेत मुली शिकायला लागल्या आणि नावही तेच राहिलं. तेव्हा मुलींना हायस्कूल कशाला, हा अभ्यास त्यांना कशाला, म्हणून पेपरातनं टीका चालली होती, तरी लोकांनी पैसे दिले.

आणि हिंगण्याचं तर तुला मी वर्गातसुद्धा सांगितलं होतं, आठवतंय का. अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेनं भाऊबीज फंड काढला. दिवाळीत भावानं बहिणीला ओवाळणी घालायची, तशी या मुलींना बहीण समजून घाला, एवढंच मागणं. त्यातली गोम बघ, ओवाळणी म्हटलं की देणारा उपकार करत नाही आणि घेणारी लाचार होत नाही, नातं तयार होतं, आणि पुढच्या दिवाळीला परत जाता येतं. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले, लहान वयात विधवा झालेल्या, शिक्षणसुद्धा उशिरा सुरू केलेलं, त्या गावोगाव व्याख्यानं देत आश्रमासाठी वर्गणी जमवत फिरल्या, पुढं अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. मला कुणाच्या दारात उभं राहायचं जिवावर यायचं ना, तेव्हा मी पार्वतीबाईंची आठवण काढायची, पदर खोचायची आणि बेल वाजवायची.

आता माझी एक चूक सांगते, ती तू करू नकोस, बाकी पत्र विसरलीस तरी चालेल. आमच्या आधीच्या फंडाला मी लकी ड्रॉ काढला होता. दहा रुपयाचं कूपन, दहा कुपनांचं एक पुस्तक, प्रत्येक मुलीला एक पुस्तक. सोपं वाटलं, पाचशे पोरी म्हणजे हिशोब तोंडपाठ. आठवीत एक मुलगी होती, वीटभट्टीवरच्या वस्तीतली, अशी पळायची की एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्यांमधनं नागमोडी पळताना, तिला पकडायला आमच्या दहावीच्या मुली घामाघूम व्हायच्या. ती अचानक यायची बंद झाली. मला वाटलं ताप असेल. आठव्या दिवशी घरी गेले तर कळलं, तिची दोनच कूपनं खपली होती, वस्तीवर घेणार कोण, आणि रोज वर्गात सगळ्यांसमोर विचारायचे, किती खपली, किती खपली. आईनं शेवटी दुकानदाराकडनं उसने घेऊन उरलेली ऐंशी रुपयांची कूपनं स्वतःच फाडली. ते पुस्तक तिनं माझ्या हातात दिलं, कडा नीट ठेवलेल्या, एक कागद दुमडलेला नाही. मी तिथंच तिच्या आईचे पैसे परत केले, पण त्या पोरीची त्या मोसमाची जिल्हा स्पर्धा गेली ती गेलीच, आणि ती गेली माझ्यामुळं. त्यानंतर मी ठरवलं की मुलींनी पैसे जमवायचे नाहीत. मुलींनी खेळायचं. पैसे आपण मोठ्यांनी जमवायचे.

गाइडच्या मुली 'खरी कमाई' करतात ते वेगळं, त्यात काहीतरी काम करून, वस्तू बनवून ते कमावतात, आणि आनंद मेळ्यात भेळेचा स्टॉल लावतात त्यातनं त्यांना हिशोब कळतो, ते जरूर कर. पण टार्गेट नको. आणि नावानिशी तर कुणी किती आणले हे वर्गात कधीही विचारायचं नाही, बाकीच्या शिक्षकांनाही आधीच सांगून ठेव.

मग काय करायचं, तर खेळ दाखवायचा. आम्ही रविवारी संध्याकाळी पालकांना आणि जुन्या मुलींना बोलावलं, भाषण नाही, सत्कार नाही, नुसता सामना. आजूबाजूच्या लोकांनी आयुष्यात खो-खो नीट बघितलेला नसतो गं, शाळेतल्या पी.टी.च्या तासाचा धागडधिंगा आठवत असतो त्यांना. तू मध्ये उभी राहून समजावून सांग, की या आठ जणी आळीपाळीनं विरुद्ध दिशेला तोंड करून का बसल्यात, नववी पाठलाग करतेय तिला मधली रेषा ओलांडता येत नाही, मागं वळता येत नाही, म्हणून तिनं खो द्यायचा, आणि पळणारीनं नेमक्या त्या क्षणाला फसवायचं. एकदा कळलं की लोक उभे राहून बघतात. आमच्या त्या सामन्यात एका मुलीनं खांबावर सूर मारून गडी टिपला, कोपर सोललं, ती हसत उठली आणि परत जाऊन बसली, आणि मेडिकल दुकानवाले काका, जे मुलीला खेळायला पाठवायला कधी तयार नव्हते, त्यांनी त्याच दिवशी वर्षभराचं फर्स्ट एडचं सामान माझ्या नावावर लिहून दिलं. मी मागितलंसुद्धा नव्हतं.

हिशोबाचं मात्र कडक ठेव. पावतीपुस्तक संस्थेचं, नंबर छापलेलं, एकावन्न रुपये आले तरी पावती, तिथल्या तिथं. क्यूआर कोड लावणार असशील तर संस्थेच्या खात्याचा, तुझ्या फोनचा एक दिवससुद्धा नको, कितीही घाई असली तरी. मोठी रक्कम देणाऱ्याला टॅक्सची सवलत हवी असते, लोक 80-जी म्हणतात ती, त्याची मान्यता आपल्या संस्थेला आहे का आणि चालू आहे का हे ऑफिसात आधी विचारून घे, आणि दोन हजाराच्या वर रोख दिली तर सवलत मिळत नाही हे त्यांना स्वतःहून सांग, नंतर कळलं की माणूस दुखावतो.

आणि फळा. गेटच्या आत चिंचेखाली तो जुना फळा अजून असेल बघ, नसेल तर नवीन लाव. रोज शाळा सुटताना डावीकडं लिहायचं, पावती नंबर, नाव, रक्कम. उजवीकडं खर्च, फक्कीची, म्हणजे रेषा मारायच्या चुन्याची, पोती किती, दोरी किती, केळी किती डझन. आपल्या गेटसमोर भाजी घेऊन बसायच्या त्या आजी तुला आठवत असतील, त्यांनी एकावन्न रुपये दिले होते. दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. वाचता येत नव्हतं, पाचवीतल्या एका मुलीला म्हणाल्या माझं नाव कुठं आहे दाव, तर त्या मुलीनं नाव दाखवलं आणि मग हौसेनं सगळा फळाच वाचून दाखवला, खर्चासकट. आजी माझ्याकडं आल्या, म्हणाल्या, बाई चुन्याला एवढे पैसे का घालताय, माझ्या भाच्याची चुनाभट्टी आहे. मी रिटायर होईपर्यंत मैदानाची फक्की त्यांच्या भाच्याकडनं निम्म्या दरात आली. तो फळा नसता तर मला भट्टी कळली नसती आणि आजींना आपला आकडा कळला नसता.

पुढारी मंडळी येतील, मॅटवर आमचं नाव मोठ्या अक्षरात टाका म्हणतील. नम्रपणे नाही म्हण. ऑफिसबाहेरच्या फरशीवर सगळ्या देणगीदारांची नावं एकाच मापाच्या अक्षरात, भाजीवाल्या आजींचं आणि कंपनीचं सारखं. मैदानावर फक्त शाळेचं नाव. आणि मुलींचे फोटो! हे आजकालचं आहे, आमच्या वेळी नव्हतं, म्हणून जास्त जोर देऊन सांगते. फाटके बूट, उघडे पाय, गरीब घर, असे फोटो ग्रुपवर टाकून पैसे पटकन येतात हे खरंय, पण ती मुलगी त्याच गावात राहते, तिच्या वर्गातल्या मुली ते बघतात. टाकायचाच तर पळतानाचा टाक, आणि तो पण तिच्या आईला विचारून.

आता मॅटबद्दल माझं स्पष्ट मत, तुला पटेल न पटेल. मॅट लागणारच आहे, मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, मातीवर वाढलेल्या आपल्या पोरींचा पाय तिथं वेगळा पडतो, वळताना अंदाज चुकतो, हे तू स्वतः भोगलंयस. पण कोटेशनमधला आकडा लाखांत आहे आणि तो जमेपर्यंत दोन वर्षं जातील, तोवर आठवीच्या मुली दहावीत. म्हणून आलेल्या पहिल्या पैशातनं मैदानाजवळच्या बाथरूमला पाणी आणि आतनं लागणारी कडी, मग कपडे बदलायची खोली. पाळीच्या दिवसात मुली सराव का बुडवतात याचं कारण मैदानात नाही, त्या न लागणाऱ्या कडीत आहे, मला हे कळायला फार वर्षं लागली. मग शेंगदाणे-गूळ आणि केळी, सकाळच्या सरावाला निम्म्या मुली चहावर आलेल्या असतात. मग बूट. तोवर तालुक्याच्या क्रीडा संकुलात मॅट असेल तर आठवड्यातनं दोन दिवस वेळ मागून घे, मोठ्या बाईंच्या सहीचं पत्र ने, तोंडी बोलून होत नाही.

आयांना तयार करायचं काम नवरात्रात कर. भोंडल्याला त्या येतातच, पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतात, खिरापत ओळखताना लहान पोरींहून जास्त आरडाओरडा त्याच करतात. तेव्हा मी खिरापत वाटता वाटता सांगायची की तुमची मुलगी साडेसहा ते आठ सरावाला थांबेल आणि सोडायला मी स्वतः येईन. मेळाव्याच्या खुर्च्यांवर बसून जी आई मान हलवत नाही ती फेर धरून दमल्यावर ऐकते. माजी विद्यार्थिनींनाही भोंडल्यालाच बोलाव, मेळावा वेगळा घालू नकोस, खर्च वाचतो आणि त्या नवऱ्याला, सासूला "शाळेत भोंडला आहे" एवढं सांगून निघू शकतात. दहावीच्या खेळाच्या वाढीव गुणांचे प्रस्ताव शाळेतनं वेळेत जातायत का यावरही लक्ष ठेव, आयांना ते गुण कळतात आणि पोरींची मेहनत कागदावाचून जाऊ नये.

2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला तेव्हा मी टीव्हीसमोर बसले होते. आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे कॅप्टन, फायनलला नेपाळला 78-40 हरवलं, आणि मी एकटीच घरात टाळ्या वाजवत होते. त्याआधी 2020 ला धाराशिवच्या सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हाही असंच झालेलं. पण खरं सांगू, त्या रात्री डोळ्यासमोर प्रियंका कमी आणि ती वीटभट्टीवरची पोरगी जास्त येत होती. तिची मुलगी या जूनमध्ये आपल्याकडं पाचवीला आलीय, तुकडी मी विचारून ठेवलीय, ब आहे. तिला सरावाला बोलाव. माझ्या सांगण्यावरनं असं म्हणू नकोस, पळताना बघ आणि मग बोलाव.

येत्या रविवारी मी सकाळी सहाला येते. खांब घासून ठेव, कुसळ राहायला नको, आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मार म्हणजे माती बसेल, आणि फक्कीचं एक पोतं काढून ठेव, रेषा आपण दोघी मिळून मारू.

तुझी,
बाई