वाचकांचे प्रश्न : दणकट गाडी की कमी पिणारी?

चार मीटरच्या आसपासच्या एसयूव्हींबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. हिशेबात पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरलं आहे. आपल्या पंपावरचा भाव घालून आकडे पुन्हा मांडून पाहावेत. कंपनीचं मायलेज प्रयोगशाळेतलं असतं, म्हणून इथे रस्त्यावर साधारण हाती लागतं तेवढंच धरलं आहे.

प्रश्न : बार्शी तालुक्यात शेतवस्तीवर राहतो. डांबरी रस्त्यापर्यंत ४ किमी पाणंद, सगळी काळी माती. आठवड्याला एकदा सोलापूर, दोन महिन्यांतून एकदा कुटुंबासह पुणे. वर्षाचं चालणं १२,००० किमी. महिन्यातून एक-दोनदा खताच्या पाच-सहा गोण्या आणतो. बोलेरो निओ, ब्रेझा पेट्रोल आणि जिमनी यांत अडकलो आहे. — एक शेतकरी वाचक

उत्तर : इंधनापासून सुरुवात करू. ब्रेझाने १७ चं मायलेज दिलं तर १२,००० किमीला ७०६ लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे साधारण ७४,००० रुपये. बोलेरो निओ साडेचौदाने चालली तर ८२८ लिटर डिझेल, ७६,००० रुपये. म्हणजे दणकट गाडी वर्षाला जास्त पिणार ती दोन हजारांचं. जिमनी मात्र पेट्रोलवर १३ च्या आसपास राहते. तिचा खर्च ९७,००० च्या घरात जातो. तेव्हा तुमच्यापुरता ‘दणकट की मायलेज’ हा वाद फक्त जिमनीबाबत खरा आहे.

किमतीतही एक मेख आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे. बोलेरो निओचं डिझेल इंजिन १४९३ सीसीचं, ते त्यात बसतं. ब्रेझा आणि जिमनी चार मीटरच्या आत असूनही त्यांचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं आहे, म्हणून त्यांना ४० टक्के लागतो.

आता रस्ता. काळी माती भिजली की टायरच्या खाचांत लिंपून बसते आणि शंभर-दोनशे फुटांत टायर गुळगुळीत होतो. रस्त्यासाठी बनवलेल्या टायरच्या खाचा अरुंद असतात, त्यांतून ती झडत नाही. अशा वेळी गाडी जिमनीसारखी फोर बाय फोर (चारही चाकांनी ओढणारी) असली तर दोनऐवजी चारही चाकं घसरतात, इतकंच. वाफसा येईपर्यंत त्या पाणंदीवर कोणतीच गाडी घालू नये. दोन दिवस गाडी डांबरी रस्त्याला लावून ठेवणं परवडतं. जिमनीवर वर्षाला जादा जाणाऱ्या वीस-बावीस हजारांत पाणंदीच्या वाईट टप्प्यांवर मुरूम पडतो, आणि त्याचा उपयोग ट्रॅक्टरलाही होतो.

वाळल्यावर त्रास वेगळा. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या दगडासारख्या होतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. शोरूमला जाण्याआधी एक सरळ काठी त्या उंचवट्यावर आडवी धरा आणि दोन्ही बाजूंना चाकोरीच्या तळापर्यंतचं अंतर मोजा. ब्रेझाचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) १९८ मिमी सांगतात, तो रिकाम्या गाडीचा. पाच माणसं आणि सामान घेतल्यावर अशी गाडी तीन-चार सेंटिमीटर सहज बसते. तुमचं माप १५ सेंटिमीटरच्या वर गेलं तर भरलेल्या गाडीचं ऑइल सम्प (इंजिनखालचं तेलाचं भांडं) किंवा सायलेन्सर घासणार हे धरून चाला. बोलेरो निओला मागे सलग अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) आहे. त्याच्या मधला डिफरन्शियलचा (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरांचा) गोळा खाली असतो खरा, पण तो चाकांबरोबर बांधलेला असल्याने ओझ्याने आणखी खाली येत नाही. शिवाय भरल्या गाडीत वजन मागच्या चाकांवर पडतं आणि ओढणारी चाकंही मागचीच, म्हणून चढावर पकड वाढते. ब्रेझा पुढच्या चाकांनी ओढते. भुसभुशीत चढावर तिचं नाक हलकं होतं आणि चाकं जागेवर फिरतात. बोलेरो निओच्या एन१० (ओ) प्रकारात मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळतं. एक चाक फिरायला लागलं की ते दोन्ही चाकं आपोआप जखडतं. शेतरस्त्याला ही एक सोय बऱ्याचदा पुरते.

मग बोलेरो निओच घ्यावी का? आमचं मत तसं नाही, आणि त्याचं कारण पुण्याचा महामार्ग. २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला पाचपैकी एकच तारा मिळाला. लोखंडी चासी जाड असली म्हणजे आतला माणूस वाचतो असं नाही. धडकेत प्रवाशांभोवतीचा सांगाडा टिकला पाहिजे. (दोष चासीच्या पद्धतीचा नाही; थार रॉक्सही चासीवरच बांधलेली आहे आणि तिला भारत एनकॅपचे पाच तारे आहेत.) मागच्या समोरासमोरच्या बाकांवर मुलांना बसवून महामार्गावर नेणं तर टाळाच.

गोण्या महिन्यातून एक-दोनदाच असतील तर त्या भाड्याच्या टेम्पोने आणाव्यात आणि यादीत चौथं नाव घालावं : नेक्सॉन डिझेल. क्लिअरन्स २०८ मिमी, टॉर्क (इंजिनची ओढ) २६० न्यूटन मीटर, एनकॅपचे पाच तारे आणि जीएसटी १८ टक्के. आठवड्याची सोलापूर फेरी असल्याने तिच्या डीपीएफलाही अडचण येणार नाही. डीपीएफ काय ते पुढच्या उत्तरात. गोण्या, दुधाचे कॅन हे रोजचंच असेल तर मात्र निर्णय उलटा : बोलेरो निओ, तोही एन१० (ओ) च.

प्रश्न : पुण्यात कोथरूडहून हिंजवडी, रोज जाऊन-येऊन ४० किमीच्या आत, बराच वेळ रखडत. वर्षाला १४,४०० किमी होतात. थार १.५ डिझेल आवडली आहे. घरचे हायब्रिड ग्रँड व्हिटारा म्हणतात. — एक नोकरदार वाचक

उत्तर : घरचे बरोबर आहेत. पहिली गोष्ट, १.५ डिझेल थार फक्त मागच्या चाकांवर चालते, तिला फोर बाय फोर नाही. दुसरी गोष्ट डीपीएफ. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी ही गाळणी असते. पुरेशी तापली की ती साचलेली काजळी जाळून टाकते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग, ६० च्या आसपास वेग आणि इंजिनचे मिनिटाला २००० फेरे लागतात. हिंजवडीच्या रांगेत हे जमत नाही. जळण सुरू होतं आणि तुम्ही पार्किंगला पोचून इंजिन बंद करता. असं वारंवार झालं की जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर ओळखायचं की हाच प्रकार आहे, आणि ऑइल लगेच बदलायचं. दिवा लागल्यावरही दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कापून घेते आणि सर्व्हिस सेंटरला सक्तीची सफाई करावी लागते.

हायब्रिडला हीच रांग मानवते. ग्रँड व्हिटारा आणि तिची टोयोटातली जुळी बहीण हायरायडर यांच्या हायब्रिडमध्ये ०.७६ किलोवॅट-तासाची छोटी बॅटरी असते. ब्रेक दाबताना वाया जाणारी शक्ती तीत साठते आणि कमी वेगात गाडी बराच वेळ इंजिन बंद ठेवून सरकते. कंपनीचा आकडा २७.९७ आहे, तुमच्या वापरात २२ धरा. त्याच गाडीची साधी माइल्ड हायब्रिड (जिच्यात मोटर इंजिनला नुसता हातभार लावते) रखडत्या गर्दीत १३ च्या आसपास राहील. वर्षाला ६५५ लिटर विरुद्ध ११०८ लिटर, म्हणजे ४७,६०० रुपयांची बचत. दोन्ही प्रकारांच्या ऑन-रोड किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो सव्वासहा वर्षांत फिटतो. तुमचं बहुतेक चालणं महामार्गावर असतं तर हे गणित फिसकटलं असतं, कारण तिथे हायब्रिडची आघाडी बरीच घटते. घाट उतरताना बॅटरी लवकर भरते आणि मग तिच्यात शक्ती साठवताना गाडीला मिळणारा रोध कमी होतो. लांब उतारावर गिअर ‘बी’ वर टाका, इंजिन गाडी धरून ठेवतं. एक तोटा सांगायलाच हवा : बॅटरीमुळे डिकी लहान होते. घेण्याआधी घरातल्या बॅगा त्यात ठेवून पाहा.

प्रश्न : चिपळूणला जिमनी आहे. पावसात कुंभार्ली घाट चढताना ४एच (चारही चाकांना ताकद) लावून ठेवावं का? आणि पाण्यातून किती जाता येतं? — एक वाचक

उत्तर : डांबरावर ४एच नको. जिमनीत पुढचा आणि मागचा अॅक्सल यांच्या मध्ये, दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात; चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर तो ताण गिअरांवर आणि शाफ्टवर जातो. स्टिअरिंग जड होणं, वळताना गाडी अडखळल्यासारखी होणं ही त्याची खूण. घाटात २एच (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवा, वेग कमी करा आणि टायर पाहा : खाचांची खोली १.६ मिमी ही कायद्याची मर्यादा असली तरी कोकणातल्या पावसाला ३ मिमीला टायर बदललेले बरे. ४एच चालत्या गाडीत, सरळ रस्त्यावर, ताशी १०० च्या खाली लावता येतं. ४एल (चारही चाकांना ताकद, पण कमी वेगाचे गिअर) साठी थांबून न्यूट्रलमध्येच यावं लागतं. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर आठ-दहा किमी ४एच चालवा, म्हणजे पुढच्या भागांना ऑइल पोचतं. सर्व्हिसमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शियल यांचं ऑइल वेगवेगळं तपासलं का, ते विचारून घ्या. नेमकं हेच राहून जातं.

साचलेलं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, एकाच गतीने जा. त्याहून जास्त असेल किंवा पाणी वाहतं असेल तर परत फिरा, वाहतं पाणी गुडघ्याखाली असलं तरी. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून न्या, प्लग काढून पाणी काढा, ऑइल दुधाळ झालंय का पाहा. असं नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही. इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

आणि चासीच्या आतली लाल माती! वरून चकचकीत धुतलेल्या गाडीच्या चासीच्या पोकळीत ती ओली राहते आणि गंज आतून धरतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी चासीच्या भोकांतून पाण्याचा झोत सोडा. दारांच्या खालची निचऱ्याची छिद्रंही मोकळी ठेवा.

प्रश्न : ब्रेझाला २१५/६० आर १६ ऐवजी २१५/६५ आर १६ चे ऑल टेरेन टायर लावले. मायलेज दीडने पडलं. — एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यातला साधारण तिसरा हिस्सा नुसता भासतो आहे. जुन्या टायरचा व्यास ६६४ मिमी, नव्याचा ६८६, म्हणजे ३.२ टक्के जास्त. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटर जुन्याच हिशेबाने मोजतो. मीटरवरच्या १०० किमीला प्रत्यक्षात १०३ झालेले असतात. उरलेली घट जड आणि खडबडीत टायरची आहे, ती राहणारच. मिळालं काय, तर ११ मिमी उंची आणि जाड कडा. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर आतल्या प्लास्टिकला घासतो का पाहा आणि बदललेल्या मापाबद्दल विमा कंपनीला लेखी विचारा.

प्रश्न : डॅशबोर्डवर १९ दिसतं, हिशेबाने १७ येतं. खरं कोणतं? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हिशेबाचं, तेही टाकी ते टाकी मोजलं असेल तर. पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद पडली की थांबायचं, ट्रिप शून्य करायची, निदान ३०० किमी चालवून त्याच पंपावर, त्याच नळीने पुन्हा तितकंच भरायचं आणि किमीला लिटरने भागायचं. वर आणखी दोन लिटर कोंबू नका. पेट्रोल वाफा अडवणाऱ्या कॅनिस्टरमध्ये जातं, हिशेब चुकतो आणि तो भागही बिघडतो. तीन टाक्यांची सरासरी घ्या आणि दर वेळी टायरची हवा थंड असतानाच, दारावरच्या चिठ्ठीप्रमाणे भरा.