मुलगा म्हणतो, आई, तू पण चल

"मॅडम, तो समलिंगी आहे हे मी स्वीकारलंय. पण त्या प्राइड परेडमध्ये लोक कसले कसले कपडे घालून नाचतात! मी तिथे काय करू?" मुलाने प्राइड परेडला, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा लोकांच्या जाहीर मोर्चाला, सोबत बोलावलं म्हणून गोंधळलेल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) असे पालक माझ्याकडे बरेच येतात आणि त्यांची गाडी हमखास कपड्यांवरच अडते.

मी म्हटलं, हा वाद समलिंगींच्या चळवळीतही होऊन गेलाय. १९६५ ते १९६९ या काळात दर ४ जुलैला अमेरिकेत फिलाडेल्फियात समलिंगींच्या हक्कांसाठी निदर्शनं व्हायची. पुरुषांनी सूट-टाय, बायकांनी स्कर्ट किंवा ड्रेस, असा दंडक होता. आम्हीही चारचौघांसारखे, नोकरी देण्याजोगे आहोत हे दिसावं म्हणून. मग २८ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या 'स्टोनवॉल इन' या समलिंगींच्या बारवर पोलिसांची धाड पडली, लोक उलटले. वर्षाने त्याच तारखेला तिथे मोर्चा निघाला, आजच्या प्राइड परेडची ती सुरुवात. तो काढण्याच्या ठरावातच होतं: कपड्यांची आणि वयाची अट नाही. तो भडकपणा नुसता उनाडपणा नाही, तो असा ठरवून आलाय. तुम्ही खुशाल नेहमीच्या कपड्यांत जा.

"आईवडील जातात?"

१९७२ मध्ये जीन मॅनफर्ड ही शिक्षिका न्यूयॉर्कच्या मोर्चात समलिंगी मुलाबरोबर चालली. हातात फलक होता, पालकांनो, मुलांच्या पाठीशी उभे राहा, अशा आशयाचा. अनोळखी मुलं येऊन तिला विनवत होती, माझ्या आईबाबांशी बोला ना! त्यातूनच १९७३ मध्ये पालकांच्या बैठका सुरू झाल्या. आजची 'पीफ्लॅग' संघटना ती हीच.

हे ऐकून बाई जरा सैलावल्या. मग मी रीतभात सांगितली. सगळ्यात जपायचं ते फोटोंबाबत. तिथे आलेल्या कित्येकांच्या घरी काहीच माहीत नसतं. तुम्ही कौतुकाने टाकलेल्या फोटोमुळे एखाद्याची नोकरी किंवा घर जाऊ शकतं. विचारल्याशिवाय चेहरा टिपू नका. कुणाच्या पोशाखाला हात लावू नका, 'तुम्ही नक्की कोण?' असं विचारू नका. विरोधक ओरडले तर उत्तर देऊ नका, स्वयंसेवक बघून घेतात.

"आणि ओळखीचं कुणी भेटलं तर?"

हसून बोला. मात्र बाहेर कुणाजवळही, अगदी त्याच्या घरच्यांजवळसुद्धा, ते भेटल्याचं काढू नका.

आणि जायचं नसेल, तर मुलाला कपड्यांचं कारण देऊ नका. मला भीती वाटते, असं सरळ सांगा. त्यावर तो तुमच्याशी बोलू तरी शकेल.