ट्रेलर मागं हलायला लागला तर ब्रेक मारायचा की रेस द्यायची?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की पिकअपला दोनचाकी ट्रेलर लावून जनरेटर नेतोस, साठच्या वर गेलं की ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डावी-उजवी करतो, एकजण म्हणतो ब्रेक मार, दुसरा म्हणतो रेस दे म्हणजे सरळ होतो, आणि ते ऑनलाइन मिळतं तसलं झोके थांबवणारं अँटी-स्वे काहीतरी घेऊ का.

ब्रेक करकचून मारू नकोस आणि रेस तर अजिबात देऊ नकोस. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ, स्टिअरिंग सरळ घट्ट धर, ट्रेलर डावीकडं गेला म्हणून तू उजवीकडं फिरवायला जाऊ नकोस, स्पीड आपोआप उतरू दे. ट्रेलरला स्वतःचा वेगळा ब्रेक असला तर फक्त तेवढाच हळू लाव. बास.

आता रेस दे म्हणणारा तुझा मामा आहे काय? सहज विचारलं. माझा होता.

पंधरा-सोळा वर्षं झाली. मी नुकताच मेकॅनिकल डिप्लोमा करून घरी बसलेलो. मामांचं गुऱ्हाळ, गाव वाघबीळ घाटाच्या पलीकडं. गूळ कोल्हापूरला शाहू मार्केट यार्डात न्यायला जुनी जीप आणि उद्यमनगरात वेल्डिंग करून घेतलेला दोनचाकी ट्रेलर. जानेवारी महिना, सीझन जोरात. त्या दिवशी माल अर्धाच होता, तीस किलोचे सोळा रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा. मी ते पुढच्या बाजूला लावायला सुरुवात केली तर मामा ओरडले, आरं मागं लाव की, मागचा फाळका उघडला की हमालाच्या हाताला आलं पाहिजे, आणि हूक हलका राहिला की गाडी हलकी चालते. मी म्हटलं मामा हुकावर थोडा भार पाहिजे. तर म्हणाले, तू शिकलास ते परीक्षेत लिही, मी वीस वर्षं ट्रॉली ओढलीय.

लावले मागं. माझी चूक एवढीच की मी ऐकलं.

वाघबीळचा चढ चढलो, काय त्रास नाही. खरं तर जीपचं बूड नेहमीपेक्षा वर उचललेलं दिसत होतं आणि त्याच वेळी कळायला पाहिजे होतं, पण मामा शेजारी बसून भावाचं काय चाललंय ते सांगायलेत, मी मान हलवतोय. कोल्हापूरच्या बाजूला केर्लीकडं उतरायला लागलो आणि समोरून एसटी घासून गेली. मोठी गाडी बाजूनं गेली की आधी हवेचा धक्का बसतो आणि मग ती ओढल्यासारखं करते, मोटरसायकलवर पण जाणवतं बघ. ट्रेलर एकदा डावीकडं गेला. मला वाटलं टायर बसला. मग उजवीकडं, मग परत डावीकडं, आणि तिसऱ्या झोक्याला जीपचं मागचं बूडच त्याच्याबरोबर जायला लागलं. मामा ओरडतायत रेस दे, रेस दे, सरळ होतंय! दिली रेस. आणि खरंच दोन सेकंद सरळ झाला, हेच तर वाईट आहे, कारण त्या दोन सेकंदांमुळंच सगळ्यांना वाटतं की हा इलाज आहे. उतार, त्यात स्पीड वाढलेला, पुढचा झोका आधीच्या दुप्पट. मग मी घाबरून ब्रेकवर उभाच राहिलो. जीप थांबायला बघतीय, मागचा ट्रेलर थांबत नाही, तो ढकलतोय. ट्रेलरची जोडदांडी वाकडी होऊन हुकाची पिन निसटली, ट्रेलर चरीत उलटा, जीप रस्त्यावर आडवी. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, नशीब. सोळातले अकरा रवे फुटले. मामा चरीत बसून फुटके मोजत होते आणि मी समोर उभा. फुटक्या गुळाला यार्डात काय भाव येतो ते गूळवाल्याला विचार.

तेव्हापासून घरातलं कुठलंही लग्न असू दे, म्हाई असू दे, जेवणं झाली की विषय निघतोच, ह्यानं गाडी पळवली आणि माझा गूळ चरीत घातला. लहान पोरांना पाठ झालंय. म्हणून हे एवढं लांबण लावून लिहितोय.

हिशोब बघ, सोपा आहे. हुकापासून चाकापर्यंत आठ फूट. सोळा रवे म्हणजे ४८० किलो, आणि त्यांचा मध्य चाकाच्या मागं साधारण दोन फूट. आठाला दोन म्हणजे पाव. ४८० चा पाव १२० किलो, एवढं वजन हुकाला वर उचलत होतं. मोकळ्या ट्रेलरची दांडी स्वतः खाली दाबते ती तीस-पस्तीस किलो. म्हणजे जीपचं मागचं टोक ८५-९० किलोनं वर ओढलं जात होतं, मागच्या टायरची पकड तेवढी कमी, आणि ट्रेलरचं बूड जड असल्यामुळं एकदा हललं की थांबवणारं काहीच नाही. कमी स्पीडला असला झोका आपोआप मरतो. एका ठराविक स्पीडच्या वर तो मरत नाही, प्रत्येक फेरीला वाढतो. भार जितका मागं तितका हा स्पीड खाली येतो. तुझं ते साठ आहे ना, ते साठ म्हणजे हेच.

तर दोनचाकी ट्रेलरचं एकूण वजन, म्हणजे ट्रेलर धरून, जेवढं असेल त्याच्या १० ते १५ टक्के हुकावर पाहिजे. आठशे किलो असेल तर ८० ते १२०. मोजायला काय लागत नाही. ट्रेलर सपाट जागेवर, चाकाला दगड लावून, दांडी हुकाच्या उंचीला येईल असा लाकडाचा ठोकळा काट्यावर ठेवायचा आणि दांडी त्यावर टेकवायची. गुऱ्हाळात गूळ मोजायचा काटा असतोच. मी त्या घटनेनंतर आठवडाभरात हे मामांच्या समोर करून दाखवलं. तेवढेच सोळा रवे, फक्त चाकाच्या थोडे पुढं सरकवले, काट्यावर नव्वदच्या वर आलं. मग मागं फाळक्याला लावले तर दांडी काट्यावर टेकेचना, वरच गेली. मामांनी बघितलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, काटा बिघडलाय.

पण मामा सगळेच चूक नव्हते हे मला नंतर कळलं आणि ते सांगायला पाहिजे. त्यांचा नियम ट्रॅक्टरचा होता. ट्रॅक्टरला दोनचाकी ट्रॉली लावून पुढं जास्त भार टाकला तर चढाला ट्रॅक्टरचं नाक उचलतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लागत नाही, माणसं मेलीत त्यात. म्हणून जुनी माणसं हूक हलका ठेव म्हणतात. ते पंधरा-वीसच्या स्पीडला चालून जातं. तोच नियम उचलून ६०-७० नं पळणाऱ्या जीपला लावला की चरीत. आणि उसाची डबल ट्रॉली बघून शिकायला जाऊ नका, चारचाकी ट्रॉलीचा भार हुकावर येतच नाही, तिचं गणित वेगळं. त्यातली मागची तर पुढचीपेक्षा जास्तच झोके खाते, शिरोलीच्या पुलावर तिच्या मागं अडकला असशील तर माहीत असेल.

तुझ्या जनरेटरचं बोलायचं तर इंजिनाची बाजू जड असते, ती कुठं आहे ते बघ. बहुतेक तू चढवायला-उतरवायला सोपं म्हणून मागं ठेवली असणार. आख्खा सेट चाकाच्या थोडा पुढं घे आणि पट्ट्यानं नाही, बोल्टनं बांध. डिझेलची कॅन, केबलचे गुंडाळे मागच्या फाळक्याला टांगू नकोस, कमी वजन पण लांब असलं की तेवढंच नडतं. टायरमधली हवा दोन्हीकडं सारखी. पिनचं भोक झिजून अंड्यासारखं झालंय का बघ, आमचं झालं होतं. पिनला खालनं लॉक, आणि दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींना क्रॉस करून, म्हणजे पिन गेली तरी दांडी साखळीच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. आमच्याकडं साखळी नव्हती. एक किरकोळ वस्तू वाटते ती, एवढंच.

उताराला आधीच गिअर खाली घे, उतरायला लागल्यावर नाही.

अँटी-स्वे बार भार नीट केल्यावर घ्यायचा असला तर घे. भार मागं ठेवून बार लावणं म्हणजे गळकी टाकी तशीच ठेवून खाली बादली ठेवणं. कुठला चांगला ते मला विचारू नकोस, मी कधी लावला नाही. दांडी किती फूट आहे आणि सेट नक्की कुठं बसवलाय तेवढं सांग, मग पुढचं बोलू.

ता. क. : १५ टक्क्यांच्या वर पण जाऊ नका. पिकअपचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जाते. हुकाला आणि गाडीला किती झेपतं ते आधी बघा. पाण्याचा टँकर असला तर वरचं सगळं करून पण भागत नाही, अर्धा भरलेला टँकर हिंदकळतो, एकतर पूर्ण भरा नाहीतर मोकळा न्या.

आणि हो, माझं स्पीड किती होतं असं आमच्या घरातलं कुणी हे वाचून विचारणारच. पासष्ट-सत्तर होतं. उताराला जास्तच होतं, तेवढं मामांचं खरं आहे. पण रवे मागंच होते.