मुंबईत शाळेची क्षेत्रभेट फक्त मोबाइलच्या जीपीएसवर करता येईल का?

शाळेकडे वेगळं जीपीएस यंत्र नाही, तर नववी-दहावीच्या मुलांची क्षेत्रभेट नुसत्या मोबाइलवर होईल का, असं तुम्ही विचारलंय. होईल, आणि छान होईल. फक्त जागा अशी निवडा, जिथे मोबाइलची चूक खपून जाईल. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची चूक साधारण ५ मीटरच्या आसपास असते. गिरगावच्या गल्लीत किंवा परळच्या टॉवरांमध्ये उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून येतात. मुलं फुटपाथवर असतात आणि नकाशावरची रेघ समोरच्या इमारतीतून जाते. तिथलं भूमी उपयोजन, म्हणजे कोणती जागा कशासाठी वापरली जाते ते, नोंदवायला छापील नकाशा आणि पेन्सिलच घ्या.

मी भूगोल शिकवते आणि माझी पसंती जुहू चौपाटीला आहे. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत मुंबईला सकाळी सात-आठच्या सुमारास ओहोटी असते आणि किनारा भरपूर उघडा पडतो. पावसाळा टाळा, त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा आणि पाणी वळायच्या आत मुलांना वर आणा. एका गटाने भरतीने टाकलेल्या शिंपल्या-कचऱ्याच्या रेघेवरून चालायचं, दुसऱ्याने पाण्याच्या कडेने. दोन्हीकडे मार्ग नोंदवणारं अ‍ॅप सुरू ठेवा. घरी येऊन अ‍ॅपमधल्या मार्गाच्या जीपीएक्स फाइल गूगल माय मॅप्समध्ये (स्वतःचा नकाशा बनवायच्या गूगलच्या साधनात) टाकल्या की भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ यांच्यामधला पट्टा मुलांना स्वतःच्या पावलांनी आखलेला दिसतो. वाटेत नाल्याचं मुख, वाळूचा पोत, दगडी बांध जिथे दिसेल तिथे थांबून खूण करायची आणि काय दिसलं ते वहीत लिहायचं. जागा फोन सांगेल, पण नाल्याजवळची वाळू काळी का, हे मुलांनीच बघायला हवं.

अक्षांश-रेखांश उतरवताना पाच दशांश स्थळं पुरे. पाचवं स्थळ म्हणजेच जेमतेम एक मीटर, त्यापुढचे आकडे या फोनला खरोखर कळत नाहीत.

उंची मात्र फोनवर मोजू नका. काही अ‍ॅप समुद्राच्या काठावर उणे ६० मीटरच्या आसपास दाखवतात! मुलं हमखास विचारतात, आणि मला हा प्रश्न फार आवडतो. जीपीएस पृथ्वीला गुळगुळीत लंबगोल मानून उंची काढतं. खरी समुद्रपातळी गुरुत्वाकर्षणानुसार कुठे वर, कुठे खाली असते आणि भारताच्या आसपास ती त्या लंबगोलाच्या बरीच खाली आहे. फळ्यावर हे समजावायला एक तास जातो, किनाऱ्यावर पाच मिनिटांत कळतं. किनाऱ्याचा उतार मोजायला दोन काठ्या, दोरी आणि मोजपट्टी न्या.

मुलांना फोन आणायला परवानगी नसेल तर शिक्षकांचे फोन वापरा, एका फोनमागे चार-पाच मुलं. नकाशा आदल्या दिवशीच ऑफलाइन उतरवून ठेवा, पॉवर बँक घ्या आणि दर थांब्यावर फोन दुसऱ्याच्या हातात द्या, नाहीतर एकच मुलगा शेवटपर्यंत धरून बसतो.